पाळी आली, फाईल बंद



गेल्या पावसाळ्यात आपल्या गटातल्या एका जुन्या कार्यकर्तीला रात्री अकराच्या सुमाराला धाप लागली. जबडा दुखत होता, पाठीत दोन खांद्यांच्या मधे कळ येत होती, अंगाला दरदरून घाम सुटला होता. वय वर्षं ४६. "दुपारी बैठकीत वडापाव खाल्ला, त्याचीच अॅसिडिटी," म्हणून तिने गोळी घेतली, वर आल्याचा रस घेतला आणि "सकाळी लवकरची एसटी आहे, झोपते मी," असं म्हणून आडवी झाली. लेकीने ऐकलं नाही. शेजारच्या काकांना उठवून रिक्षा काढायला लावली आणि आईला दवाखान्यात नेलं. हृदयविकाराचा झटका होता. अँजिओप्लास्टी झाली, ती वाचली. आता ती पुन्हा बैठकांना येते, जिना चढताना मधे थांबते इतकंच.

तिला विचारूनच मी हे लिहिते आहे. नाव घालू नकोस म्हणाली, पण "फाईलचं मात्र लिही," असंही आवर्जून म्हणाली.

फाईलची गोष्ट अशी. दवाखान्यात जुने कागद मागितले म्हणून तिची लेक आणि मी कपाट उपसायला बसलो. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक जाडजूड फाईल निघाली. पहिला कागद तिच्या एकविसाव्या वर्षाचा. तक्रार अशी की पाळी तीन-तीन, चार-चार महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतंय. सोबत सोनोग्राफीचा रिपोर्ट, त्यावर डॉक्टरांच्या अक्षरात 'पीसीओडी'. आणि तोंडी मिळालेला एक सल्ला, जो कागदावर नाही पण तिला अजून पाठ आहे: "लग्न करून टाका, एक मूल झालं की सगळं मार्गी लागेल." चोविसाव्या वर्षी लग्न झालं. तिथून फाईल फुगत जाते. सोनोग्राफ्या, संप्रेरकांच्या तपासण्या, स्त्रीबीज तयार व्हावं म्हणून गोळ्या, मग इंजेक्शनं, मग दुर्बिणीची तपासणी. नवऱ्याची तपासणी एकच, तीही दोन वर्षांनी. अठ्ठाविसाव्या वर्षी दिवस राहिले. सातव्या महिन्यात रक्तातली साखर वाढल्याची नोंद आहे. बाळंतपण सुखरूप झालं. आणि फाईल तिथेच संपते. पुढच्या अठरा वर्षांचा एकही कागद नाही.

त्या कागदांत तिच्या बीजकोशांची मापं मिलिमीटरमध्ये आहेत. कोलेस्टेरॉल एकदाही तपासलेलं नाही. कमरेचा घेर मोजलेला नाही. तिचे वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले, हे कुणी विचारलेलंच नाही. गरोदरपणात वाढलेली साखर बाळंतपणानंतर पुन्हा तपासून घ्या, ही एक ओळ कुठेही नाही. मूल झालं, पाळी बरी येऊ लागली, फाईल बंद.

तिला झटका आला तो पीसीओएसमुळेच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही आणि मीही सांगत नाही. वडिलांकडून आलेलं आहे, चळवळीतली दगदग आहे, वेळी-अवेळीचं खाणं आहे. पण धोक्याच्या खुणा एकविसाव्या वर्षी समोर होत्या, अठ्ठाविसाव्या वर्षी तर लिहून ठेवलेल्या होत्या. त्या सगळ्या वाचल्या गेल्या त्या एकाच प्रश्नापुरत्या: हिला मूल होईल का?

हा आजार आपल्यापैकी अनेकींना नावाने माहीत आहे. बोलताना आपण 'पीसीओडी' म्हणतो, वैद्यकात आता 'पीसीओएस' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयातल्या दर शंभर स्त्रियांमागे दहा ते तेराजणींना तो असतो, आणि जगभरात त्यांच्यातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत बायकांचं निदानच झालेलं नसतं. म्हणजे पंचवीस-तीस तरुण मुलींच्या शिबिरात दोघी-तिघी असणारच. पाळी लांबणं किंवा बेभरवशाची असणं, 'पुरुषी' म्हटल्या जाणाऱ्या संप्रेरकांचं प्रमाण वाढून चेहऱ्यावर-छातीवर केस, मुरमं किंवा डोक्यावरचे केस विरळ होणं, आणि सोनोग्राफीत बीजकोशात अनेक बारीक पुटकुळ्या दिसणं, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या आणि तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार नाहीत याची खात्री झाली की पीसीओएस म्हणतात. २००३ साली रॉटरडॅमच्या बैठकीत ठरलेले हे निकष थोड्याफार बदलांनी आजही चालतात. नव्याने पाळी आलेल्या मुलींचं निदान मात्र सोनोग्राफीवरून करू नये, कारण त्या वयात बीजकोश तसे दिसणं स्वाभाविक असतं.

गंमत अशी की ज्या 'गाठीं'वरून या आजाराला नाव पडलं, त्या खऱ्या गाठी नव्हेतच. ती अर्धवट वाढून थांबलेल्या स्त्रीबीजांची घरं असतात. ती काढून टाकायची नसतात, त्यांचा कर्करोगही होत नाही. हे नाव दिशाभूल करतं, ते बदला, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञ-समितीने २०१२ सालीच सुचवलं होतं. कारण नावात बीजकोश आहे, पण बिघाड साऱ्या शरीराचा आहे. पुष्कळजणींच्या शरीरात इन्शुलिनचं काम नीट होत नाही. पेशी दाद देत नाहीत म्हणून शरीर जास्त इन्शुलिन तयार करतं. हे जादा इन्शुलिन बीजकोशांना ती 'पुरुषी' संप्रेरकं अधिक बनवायला लावतं, आणि रक्तात त्या संप्रेरकांना बांधून ठेवणारं जे प्रथिन यकृत बनवतं, तेही कमी करतं. त्यातून पाळी लांबते, केस येतात. आणि त्याच वेळी, कुणाच्या नजरेला न पडता, पोटाभोवती चरबी साठते, रक्तातली चांगली चरबी घटते, वाईट चरबी वाढते, रक्तदाब चढू लागतो, साखर सीमारेषेवर येते. हनुवटीवरचा केस आरशात दिसतो. रक्तवाहिनीच्या आतलं कोण बघणार? सडपातळ बायकांतही हे घडू शकतं, त्यामुळे "तू कुठे जाड आहेस?" म्हणून कुणाला परत पाठवण्यात अर्थ नाही.

हा आजार मुळापासूनच मूल होण्या-न होण्याच्या चष्म्यातून पाहिला गेला. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, तिथून आधुनिक वैद्यकातला त्याचा इतिहास सांगतात. त्यांनी शस्त्रक्रिया करून बीजकोशांचा पाचरीसारखा भाग कापून काढला. निष्कर्ष काय, तर सातहीजणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस राहिले. उपचार यशस्वी! त्या सातजणी पुढे किती जगल्या, कुणाला मधुमेह झाला, कोण कशाने गेली, हा त्या निबंधाचा विषयच नव्हता. पुढची कित्येक दशकं यशाची व्याख्या तीच राहिली. आमच्या मैत्रिणीची फाईल म्हणजे त्याच १९३५ च्या निबंधाची मराठी आवृत्ती आहे असं मला कपाटासमोर बसल्या बसल्या वाटलं.

या नजरेचा तोटा विज्ञानालाही झाला. पीसीओएस असलेल्या स्त्रियांना हृदयविकार जास्त होतो का, या साध्या प्रश्नाचं उत्तर मिळायला फार वेळ लागला. १९९२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी अशा स्त्रियांचा रक्तदाब, साखर, कमरेचा घेर वगैरे मोजून गणित मांडलं, तेव्हा झटक्याचा धोका इतर स्त्रियांच्या सातपट येतो असं दिसलं. पण ते गणित होतं, प्रत्यक्षातले झटके नव्हते. १९९८ साली ब्रिटनमध्ये १९३० ते १९७९ या काळात निदान झालेल्या ७८६ स्त्रियांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात हृदय व रक्ताभिसरणाच्या आजारांनी झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त निघाले नाहीत, मधुमेहाची नोंद मात्र जास्त निघाली. असा दोन्ही बाजूंनी बराच काळ वाद चालला. वाद रेंगाळण्याचं एक कारण उघड आहे. या स्त्रिया विशी-तिशीत, मूल हवं असताना दवाखान्यात येत. झटक्याचं वय येतं पन्नाशी-साठीत. तोवर त्यांच्या मागे कोण जाणार? गर्भाशयाचं काम झालं की बाई वैद्यकाच्या वहीतून निघून जाते.

आता चित्र बरंच स्पष्ट झालं आहे. जगभरातल्या तज्ज्ञांनी आणि हा आजार असलेल्या स्त्रियांनीही मिळून, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२३ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत स्वच्छ म्हटलं आहे की पीसीओएस हा हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका वाढवणारा घटक मानावा आणि अशा प्रत्येक स्त्रीचा धोका तपासावा. त्याच सूचनांत दुसरंही एक वाक्य आहे, तेही तितकंच नीट ऐकायला हवं: पाळी जाण्याआधीच्या वयात हा धोका एकंदरीत कमीच असतो. म्हणजे पंचविशीतल्या मुलीने आज रात्री घाबरून जागायचं कारण नाही. पण तिच्याकडे वीस-पंचवीस वर्षं आहेत, आणि ती वाया घालवायची नाहीत.

आपल्याकडे तर नाहीच नाही. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात असं आढळलं की दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. त्यात बाईचं दुखणं म्हणजे 'गॅसेस', 'टेन्शन' नाहीतर 'वयाचं'. बायकांमध्येही छातीत दुखणं हेच झटक्याचं मुख्य लक्षण असतं. पण त्याच्या जोडीला, किंवा क्वचित त्याच्याऐवजी, धाप, मळमळ, जबड्यात-पाठीत कळ आणि न समजणारा थकवा ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. आमच्या मैत्रिणीला ही सगळी होती. वीस वर्षं आरोग्याची शिबिरं घेतलेल्या बाईने स्वतःच त्याला अॅसिडिटी म्हटलं. वैद्यकाने तरी वेगळं काय केलं? अॅस्पिरिनने झटका टळतो का हे पाहणाऱ्या अमेरिकेतल्या एका गाजलेल्या अभ्यासाचा अंतिम अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्यात २२,०७१ डॉक्टर होते आणि त्यात एकही बाई नव्हती. हृदय पुरुषाचं आणि गर्भाशय बाईचं, अशी ही वाटणी.

इथवर आल्यावर दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबणं मला जमेना. दवाखान्यातून घरी आल्यावर मी आपल्याच त्रैमासिकाचे जुने अंक काढून बसले. आरोग्यावरचे लेख वेगळे काढले. गर्भनिरोधकं, गर्भपात, गर्भजलपरीक्षा, वंध्यत्व, अंगावरून जाणं, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, रजोनिवृत्ती. सगळे लेख मोलाचे, काही तर लढे देऊन लिहिलेले. हृदय कुठे होतं? कवितांच्या पानावर.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही, कारणं समजून घेण्यासारखी आहेत. आपली चळवळ जिथे आग लागली होती तिथे धावली. १९८९ साली राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि आधी कधीतरी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. सरकार कुटुंबनियोजनाखेरीज बाईच्या शरीराकडे पाहायला तयार नव्हतं, तेव्हा या आकड्यांनी आपल्याला भाषा दिली. गर्भलिंगतपासणीविरुद्ध १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा, हार्मोनच्या इंजेक्शनांविरुद्धची मोहीम, हे सगळं त्याच काळातलं. पण सत्तेने बाईला गर्भाशयापुरतं पाहिलं म्हणून आपण ज्या मैदानात उतरलो, त्याच मैदानाच्या रेघा नकळत आपल्याही झाल्या. 'शरीराची ओळख' म्हणून आपण जे चित्र भिंतीवर लावतो, ते कमरेपासून सुरू होतं आणि मांड्यांपाशी संपतं. त्या बाईला छाती आहे ती स्तनांपुरती. आत हृदय काढायचं राहून गेलं.

आणखी एक कारण आहे, तेही मोकळेपणाने बोलू. तपासण्या आणि औषधं यांच्याबद्दल आपल्याला संशय आहे आणि तो कमावलेला आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोनच्या गोळ्या बायकांच्या हृदयाचं रक्षण करतात असं कित्येक वर्षं सांगून त्या खपवल्या गेल्या. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत एकत्रित हार्मोन घेणाऱ्यांमध्ये झटके, पक्षाघात आणि स्तनांचे कर्करोग वाढलेले दिसले आणि ती चाचणी मधेच थांबवावी लागली. इथे बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशयं तरुण वयात कशी काढली गेली, हे २०१९ साली साऱ्या राज्याने ऐकलं. पाळीची कटकट कायमची मिटवून देणारे डॉक्टर हे सांगत नाहीत की पाळी जाण्याआधी बीजकोशही काढले तर हृदयविकाराचा धोका वाढतो. आता पीसीओएसचाही बाजार भरला आहे. चूर्णं, पावडरी, केस काढण्याची पॅकेजं, 'नव्वद दिवसांत मुक्ती'. म्हणून संशय हवाच. पण संशय आणि दुर्लक्ष यांत फरक आहे. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजण्यात कुठल्या कंपनीचं भलं होत नाही. आपण नको त्या तपासण्यांना विरोध केला तो बरोबरच होता. हव्या त्या तपासण्या मागितल्या नाहीत, हे मात्र चुकलं.

वजनाचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. आपल्या मैत्रिणीला दवाखान्यातून घरी आल्या दिवशी नातेवाइकांनी पहिलं वाक्य ऐकवलं ते "तरी सांगत होतो, वजन कमी कर." पीसीओएस असलेल्या मुलीला हे वाक्य घरात, कॉलेजात, दाखवण्याच्या कार्यक्रमात आणि दवाखान्यात रोज ऐकावं लागतं. शरमेने कुणाचं हृदय मजबूत झालेलं नाही. उलट अशी मुलगी दवाखान्यात जायचंच टाळते. २०२३ च्या सूचनांनी वजनावरून होणाऱ्या अवहेलनेची दखल घेतली आहे, आणि दोन गोष्टी सांगितल्या आहेत ज्या आपण घरोघरी पोचवायला हव्यात. एक, अमुकच एक आहार पीसीओएससाठी श्रेष्ठ असा पुरावा नाही. नेहमीच्या घरच्या जेवणात धान्याच्या जोडीला डाळ-उसळ, भाजी वाढली, गोड आणि तळलेलं कमी झालं, तर ते पुष्कळ आहे. दोन, अंगमेहनतीचा व्यायाम वजन तसूभर न उतरताही फायद्याचा ठरतो. आठवड्याला निदान दीडशे मिनिटं झपझप चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास.

हे लिहिताना मला वस्तीतल्या बायकांचं हसणं ऐकू येतं. "ताई, अर्धा तास कुणी द्यायचा?" चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला चालायला सांगणं ही थट्टा आहे. तिचं चालणं होतंच, होत नाही ती झोप आणि वेळेवरचं जेवण. दुसरीकडे दिवसभर शिलाई मशीनवर किंवा कंपनीत एकाच जागी बसणाऱ्या मुली आहेत. संध्याकाळी अंधाऱ्या रस्त्यावर त्यांनी कुठे चालावं? मुलींसाठी सुरक्षित रस्ता, दिवे आणि मैदान मागणं हेही हृदयाच्या आरोग्याचंच काम आहे. आणि मिश्री. 'दातांसाठी' म्हणून सकाळ-संध्याकाळ लावली जाणारी मिश्री ही जाळलेली तंबाखू आहे, हृदयाला धोका तिचाही आहे. सिगारेट ओढत नाही एवढ्यावर आपण सुटलो असं समजू नका.

मग करायचं काय? थोडक्यात सांगते, शिबिरात फळ्यावर लिहिता येईल असं.

पीसीओएसचं निदान ज्या दिवशी होईल त्याच दिवशी सोनोग्राफीइतकंच महत्त्व देऊन चार गोष्टी मागून घ्यायच्या. पहिली, रक्तदाब. तो दर वर्षी मोजायचा आणि मूल हवं म्हणून उपचार सुरू करण्याआधी तर नक्कीच. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा फुगून येतो. दुसरी, साखर. नुसती उपाशीपोटीची साखर पुष्कळदा नॉर्मल येते आणि बिघाड लपून राहतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी जास्त खरं सांगते. ती नॉर्मल आली तरी वर्षाने ते तीन वर्षांनी पुन्हा. तिसरी, रक्तातल्या चरबीची तपासणी, म्हणजे लिपिड प्रोफाइल. चौथी, कमरेचा घेर. भारतीय स्त्रीसाठी तो ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं. या चौथ्या तपासणीला लागते फक्त शिंपिणीची टेप.

याच्या जोडीला तीन गोष्टी आपणहून सांगायच्या, डॉक्टरांनी विचारलं नाही तरी. आई-वडिलांना, भावंडांना कमी वयात हृदयविकार किंवा मधुमेह आहे का. गरोदरपणात साखर किंवा रक्तदाब वाढला होता का. तंबाखू कुठल्याही रूपात चालू आहे का. गरोदरपणात साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर दीड ते तीन महिन्यांत पुन्हा तपासणी हवी आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी. गरोदरपणात वाढलेला रक्तदाब बाळंतपणानंतर उतरला, तरी पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका मागे ठेवतो. आणि पाळी नियमित करण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या तर आधी रक्तदाब मोजायला सांगा. तंबाखू ओढत असाल, डोळ्यांपुढे चमकून होणारी अर्धशिशी असेल किंवा पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते सांगितल्याशिवाय गोळी सुरू करू नका. या गोळ्या वाईट नाहीत, अनेकींना त्यांचा उपयोग होतो. विचारल्याशिवाय देणं वाईट.

सरकारकडेही एक मागणी आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात रक्तदाब आणि साखरेची सार्वत्रिक तपासणी तिसाव्या वर्षापासून आहे. आशाताई घरोघर जाऊन त्यासाठी माहिती भरतात, त्यांचं हे काम मोठंच आहे. पण पीसीओएस कळतो पंधरा ते पंचविशीत. ज्या मुलीची पाळी वर्षानुवर्षं लांबते तिच्यासाठी तिशीची अट सैल करा, तिची वरची तपासणी जवळच्या आरोग्य केंद्रात विनामूल्य होऊ द्या, आणि गरोदरपणात साखर किंवा रक्तदाब वाढलेल्या प्रत्येक बाईचं नाव बाळाच्या लसीकरणाबरोबर पुढच्या तपासणीसाठीही नोंदवा. बाळाला लस द्यायला ती केंद्रात येतेच. त्याच खेपेला तिच्या दंडाला पट्टा बांधायला असा किती वेळ लागतो?

आणि आपण? आमच्या गटाने एक साधी सुरुवात केली आहे. वर्गणी काढून दंडाला बांधायचं रक्तदाबाचं यंत्र घेतलं, दोन पट्ट्यांसह. शिबिराच्या फॉर्मवर पूर्वी 'पाळी नियमित आहे का?' एवढाच प्रश्न होता. आता 'नाही' असं उत्तर आलं की त्याखाली आणखी ओळी आहेत: रक्तदाब, साखर, चरबी, कमर, घरातला हृदयविकार, तंबाखू. पहिल्याच शिबिरात बत्तीसजणींपैकी सातजणींनी पाळी अनियमित असल्याचं सांगितलं. त्यातल्या पाचजणींचा रक्तदाब त्याआधी कुणी कधी मोजलेला नव्हता. एकीचा वाढलेला निघाला. वय वर्षं २६. ती गेले वर्षभर मूल होण्यासाठी औषधं घेत होती. मी तिला चिठ्ठी लिहून देत होते तेव्हा तिची सासू म्हणाली, "पण ताई, हिची तक्रार तर पाळीची आहे." मी काही बोलायच्या आत आमची ती मैत्रीण जिन्यावरून धापा टाकत वर आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "मावशी, माझीही तक्रार पाळीचीच होती."

तुमच्या गटात, वस्तीत, गावात असे अनुभव असतील ते आम्हाला लिहा. तुमच्याही कपाटात अशी एखादी बंद फाईल असेल. ती उघडा, शेवटच्या कागदावरची तारीख बघा, आणि तिथून पुढे लिहायला लागा. फॉर्मचा नमुना ज्यांना हवा असेल त्यांनी कळवावं, पाठवून देऊ. आणि भिंतीवरचं ते चित्र या वेळी डोक्यापासून काढू या.

तुमची,
संपादक